पाठदुखी आणि हाताचा उपचार

पाठदुखी हें एक विलक्षण दुखणें आहे. ताप आला तर तो मोजतां येतो, जखम झाली तर ती दाखवितां येते, हाड मोडलें तर तें क्ष-किरणांच्या चित्रांत दिसतें. पण ज्याची पाठ महिनोन् महिने दुखत असते त्याच्यापाशीं स्वतःच्या शब्दावांचून बहुधा दुसरा पुरावा नसतो. वरून पाहणारास तो धडधाकट दिसतो. घरचीं माणसें चार दिवस शेक देतात, तेल चोळतात. पांचव्या दिवशीं त्यांनाही तें दुखणें जुनें वाटूं लागतें. डॉक्टर तपासतात, काळजी करण्यासारखें कांहीं नाहीं म्हणून सांगतात, आणि दुखणें मात्र जेथल्या तेथें असतें. अशा मनुष्याला कोणी सांगितलें कीं, अमुक गांवीं एक गृहस्थ आहे, तो नुसता हात लावून पाठ मोकळी करतो, तर त्या गृहस्थानें कोणती परीक्षा दिली आहे हें तो विचारीत बसत नाहीं. तो गाडी पकडतो.

कायरोप्रॅक्टिक या नांवानें जगभर पसरलेल्या मणक्यांच्या हस्तोपचाराचा इतिहास हा, खरें पाहतां, अशा गाडी पकडणाऱ्या रुग्णाचा इतिहास आहे. त्या विद्येच्या संस्थापकांनीं तिच्याविषयीं अचाट दावे केले, विरोधकांनीं तिला निव्वळ भोंदूगिरी ठरविलें, आणि दोन्ही पक्ष पाऊणशें वर्षें न्यायालयांत भांडले. परंतु त्या विद्येची खरी जागा कोणती हें अखेर ठरविलें तें आपली दुखरी पाठ घेऊन दारीं आलेल्या साध्या माणसांनीं.

हाताने किंवा पायाने दाबून पाठ बरी करण्याची कल्पना फार जुनी आहे. पाठींत उसण भरली कीं पायाळू माणसाचा पाय पाठीला लावावयाचा, ही समजूत महाराष्ट्रांतील खेड्यापाड्यांतून पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे. सांधा निखळला तर हाडवैद्याकडे जावयाचें, हाही जुनाच परिपाठ. सुश्रुतसंहितेंत मोडलेल्या हाडांची व निखळलेल्या सांध्यांची चिकित्सा स्वतंत्र अध्यायांत सांगितलेली आहे. ग्रीक लोकांत हिपॉक्रेटिसच्या नांवावर मोडणाऱ्या सांध्यांविषयींच्या ग्रंथांत, रुग्णास फळीवर पालथा निजवून दोन्ही बाजूंनीं ताण द्यावा आणि वर आलेल्या मणक्यांवर हातानें दाब द्यावा, अशी कृति दिलेली आहे. त्याच ग्रंथांत आणखी एक मौजेची गोष्ट आहे. कांहीं वैद्य रुग्णास शिडीला बांधून उंचावरून धक्के देत असत. ग्रंथकार म्हणतो कीं, हा प्रकार मुख्यतः गर्दीला थक्क करण्यासाठीं केला जातो. म्हणजे उपयुक्त हात आणि प्रेक्षकांसाठीं केलेला देखावा, हीं दोन्ही या उपचाराच्या बाल्यावस्थेपासूनच एकमेकांना चिकटून आलेलीं आहेत.

अठराव्या शतकांतील इंग्लंडांत या दोहोंचें दर्शन एकाच व्यक्तींत घडलें. एप्सम या गांवीं सॅरा मॅप नांवाची एक हाडवैद्यीण १७३६ च्या सुमारास इतकी प्रसिद्धीस आली कीं, लंडनांतील प्रतिष्ठित लोक तिच्याकडे येऊं लागले. हॉगार्थ या चित्रकारानें डॉक्टरमंडळींची थट्टा करणाऱ्या आपल्या एका चित्रांत तिला अगदीं वरच्या ओळींत मध्यभागीं बसविलें आहे. पुढच्याच वर्षीं ती वारली. तिच्यामागें मात्र हाडवैद्यांची परंपरा तुटली नाहीं. बापाकडून मुलाकडे, चुलत्याकडून पुतण्याकडे ही विद्या जात असे. तिला ग्रंथ नव्हते, शाळा नव्हती. होता तो हजारों सांधे चांचपून आलेला बोटांचा अनुभव.

या लोकांकडे विद्वान् डॉक्टरांनीं बहुधा तुच्छतेनें पाहिलें. परंतु एक थोर अपवाद नमूद केला पाहिजे. सर जेम्स पॅजेट हे त्या काळचे नामांकित शस्त्रवैद्य. १८६७ सालीं त्यांनीं हाडवैद्य कोणते रुग्ण बरे करतात, याच विषयावर एक व्याख्यान प्रसिद्ध केलें. हाडवैद्य आपल्या चुकांनीं किती अपाय करतात हें त्यांनीं लपविलें नाहीं. पण आपल्या शिष्यांना त्यांनीं बजावलें कीं, हे लोक तुमचे प्रतिस्पर्धी होणार आहेत, तेव्हां त्यांच्यापासून चांगलें तें घ्या आणि वाईट तें टाळा. पुढें चार वर्षांनीं, १८७१ सालीं, डॉ. व्हार्टन हूड यांनीं हाडवैद्यांच्या कृतींवर पुस्तकच लिहिलें. त्यांच्या वडिलांनीं रिचर्ड हटन नांवाच्या प्रसिद्ध हाडवैद्याची आजारपणांत मोबदला न घेतां शुश्रूषा केली होती; त्या उपकाराची फेड म्हणून हटननें आपली कृति दाखविण्याचें कबूल केलें, आणि ती मुलानें शिकून घेतली. हूड यांना असें दिसून आलें कीं, दुखापतीनंतर डॉक्टर सांधा फार काळ बांधून ठेवतात, त्यामुळें तो आखडतो. हाडवैद्य तो एका झटक्यांत हालवितो आणि रुग्ण चालूं लागतो. हाड जागेवर बसविलें, हें हाडवैद्याचें म्हणणें चूक होतें. पण रुग्ण चालूं लागला, हें रुग्णाचें म्हणणें खरें होतें. या एका वाक्यांत पुढील सर्व वादाचें बीज आहे.

पॅजेट यांचा उपदेश त्यांच्या व्यवसायबंधूंना फारसा मानवला नाहीं. सर हर्बर्ट बार्कर हा लंडनांतील अखेरचा मोठा हाडवैद्य. त्याच्या रुग्णांना भूल देण्याचें काम डॉ. अ‍ॅक्सम नांवाचे एक वृद्ध डॉक्टर करीत. या अपराधाबद्दल १९११ सालीं त्यांचें नांव वैद्यकीय नोंदवहींतून काढून टाकण्यांत आलें. बार्करला १९२२ सालीं सरकारनें सर ही पदवी दिली. अ‍ॅक्समचें नांव मात्र १९२६ सालीं ते वारले तोंपर्यंत पुन्हां नोंदवहींत चढलें नाहीं.

इंग्लंडांत हाडवैद्य एकेकटा राहिला. अमेरिकेंत त्याचा संप्रदाय झाला, आणि याला तेथील परिस्थिति कारण होती. एकोणिसाव्या शतकांतील अमेरिकन वैद्यक म्हणजे रक्तस्राव, रेचकें आणि पाऱ्याचीं औषधें. अँड्र्यू टेलर स्टिल या सरहद्दीवरील डॉक्टरचीं तीन मुलें १८६४ सालीं मेंदूच्या आवरणाच्या तापानें गेलीं, आणि त्याचा औषधांवरील विश्वास उडाला. १८७४ सालीं त्यानें ऑस्टिओपॅथी या नव्या पद्धतीची घोषणा केली व १८९२ मध्यें मिसूरी राज्यांतील कर्क्सव्हिल येथें तिची शाळा काढली. शरीराची हाडांची चौकट नीट असली कीं रुधिराभिसरण नीट चालतें आणि शरीर स्वतःच रोग हटवितें, असें त्याचें मत होतें. औषधावांचून, केवळ हातानें बरें करणारी विद्या लोकांना हवीच होती. स्टिलच्या शाळेकडे रुग्णांची आणि विद्यार्थ्यांची रीघ लागली.

त्यानंतर तीनच वर्षांनीं मिसिसिपी नदीच्या कांठीं, आयोवा राज्यांतील डॅव्हनपोर्ट या गांवीं, डॅनिएल डेव्हिड पामर हा मनुष्य पुढें आला. त्याचा जन्म १८४५ सालीं कॅनडांत झाला होता. त्यानें शाळामास्तरकी केली, मधमाशा पाळल्या, किराणा दुकान चालविलें, आणि १८८६ च्या सुमारास अंगावरून हात फिरवून चुंबकशक्तीनें रोग बरे करण्याचा धंदा आरंभिला. ज्या इमारतींत त्याची खोली होती तेथें हार्वे लिलार्ड नांवाचा एक निग्रो झाडूवाला काम करीत असे. त्याला सतरा वर्षांपासून ऐकूं येत नव्हतें. वांकून काम करीत असतां आपल्या पाठींत कांहीं तरी कट्कन् झालें आणि तेव्हांपासून कान गेले, असें त्यानें सांगितलें. पामरनें त्याची पाठ चांचपली, एक मणका वर आलेला त्याला वाटला, आणि तो त्यानें हाताच्या धक्क्यानें दाबला. लिलार्डला ऐकूं येऊं लागलें, अशी ती हकीकत आहे. संप्रदायाचे लोक १८ सप्टेंबर १८९५ हा या घटनेचा दिवस मानतात. लिलार्डच्या मुलीनें पुढें हीच गोष्ट निराळ्या तऱ्हेनें सांगितली: तिचा बाप विनोद सांगत असतां पामरनें हंसून त्याच्या पाठीवर पुस्तकाची थाप मारली, असें तिचें म्हणणें होतें.

येथें एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. ज्या विद्येचें नांव आज पाठदुखीशीं जोडलेलें आहे तिचा पहिला रुग्ण पाठदुखीचा नव्हताच. तो बहिरेपणाचा होता. पामरलाही केवळ पाठदुखी बरी करण्यांत समाधान नव्हतें. सॅम्युएल वीड या त्याच्या धर्मोपदेशक रुग्णानें हात आणि कृति या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांपासून कायरोप्रॅक्टिक हें नांव त्याला करून दिलें, आणि १८९७ पासून तो ही विद्या शिकवूं लागला. पुढें १९१० सालीं छापलेल्या आपल्या मोठ्या ग्रंथांत त्यानें सांगितलें कीं, शेंकडा ९५ रोग जागेवरून सरकलेल्या मणक्यांमुळें होतात. मणका सरकला कीं मज्जातंतूंत बिघाड होतो, शरीरांतील उपजत चैतन्यशक्तीचा ओघ विस्कटतो आणि रोग जडतो. मणका जागेवर बसविला कीं रोग जातो. सिद्धांत मोठा सुटसुटीत होता. तोच त्याचा गुण आणि तोच त्याचा दोष. शारीरशास्त्रज्ञांनीं लगेच दाखवून दिलें कीं, श्रवणाचा तंतु कानापासून थेट मेंदूकडे कवटींतूनच जातो, त्याचा पाठीच्या मणक्याशीं संबंध येत नाहीं. आणि ज्याला पामर सरकलेला मणका म्हणतो तो एकाच पाठींत दोघां तपासणारांना एकाच ठिकाणीं सांपडेल याचीही खात्री नाहीं. या आक्षेपांना समाधानकारक उत्तर त्या संप्रदायास आजतागाईत देतां आलेलें नाहीं.

पण लोक सिद्धांत वाचून येत नव्हते. शेजारचा अमुक वांकून गेला आणि सरळ होऊन आला, एवढेंच त्यांना पुरत होतें. डॉक्टरांच्या संघटनांनीं मग कायद्याचा आश्रय केला. परवान्यावांचून वैद्यकी केल्याबद्दल १९०६ सालीं स्वतः पामरवर खटला होऊन शिक्षा झाली. दंड भरण्याचें नाकारून त्यानें तुरुंग पत्करला, आणि कांहीं दिवसांनीं दंड भरून तो बाहेर आला. पुढच्या वर्षीं विस्कॉन्सिन राज्यांतील ला क्रॉस येथें शेगातारो मोरिकुबो या जपानी गृहस्थावर परवान्याशिवाय ऑस्टिओपॅथी चालविल्याचा आरोप आला. त्याचा वकील टॉम मॉरिस यानें युक्तिवाद केला कीं, कायरोप्रॅक्टिक ही ऑस्टिओपॅथी नव्हे, वैद्यकही नव्हे. तिचें शास्त्र वेगळें, कला वेगळी, तत्त्वज्ञान वेगळें. पंचांनीं मोरिकुबोस निर्दोष सोडलें. या विजयाची किंमत मात्र संप्रदायाला पुढें फार दिवस द्यावी लागली. तुरुंगांतून सुटण्यासाठीं जें तत्त्वज्ञान पुढें केलें तें टाकून देण्याची सोय राहिली नाहीं. सरकलेला मणका हा आतां केवळ मत न राहतां धंद्याचा कायदेशीर आधारस्तंभ झाला.

त्यानंतर अटकांचा सपाटा सुरू झाला. कॅलिफोर्नियांत तर दंड न भरतां तुरुंगांत जाणें हेंच चळवळीचें ब्रीद ठरलें. शेंकडों लोक तुरुंगांत गेले, आणि १९२२ सालीं त्या राज्यांतील मतदारांनीं स्वतः मत देऊन कायरोप्रॅक्टिकला मान्यता देणारा कायदा करून घेतला. पहिला असा कायदा कॅन्सस राज्यानें १९१३ सालीं केला होता. पामर त्याच वर्षीं वारला. शेवटचा कायदा लुइझियानानें १९७४ सालीं केला. या एकसष्ट वर्षांच्या काळांत ज्या राज्यांत परवाना मिळे त्याच्या शेजारच्या राज्यांत त्याच कृत्याबद्दल अटक होई. रुग्णानें आपली पाठ कोणाच्या हातीं द्यावी हें नदीच्या अलीकडे एक आणि पलीकडे दुसरें, असा हा न्याय होता.

पामरचा मुलगा बार्टलेट जोशुआ यानें बापाच्या विद्येचा व्यापार केला. शाळा वाढविली, क्ष-किरणांनीं कण्याचीं चित्रें काढण्याची प्रथा १९१० पासून पाडली, आणि १९२२ सालीं डॅव्हनपोर्टचें ध्वनिक्षेपण केंद्र विकत घेऊन आपला आवाज मध्य अमेरिकेंतील घराघरांत पोंचविला. पुढें अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले रोनाल्ड रीगन यांनीं निवेदकाच्या नोकरीचा श्रीगणेशा १९३२ सालीं याच केंद्रावर केला. त्या काळीं विद्येची कीर्ति पसरविण्यास नभोवाणीसारखें साधन दुसरें नव्हतें. परंतु कीर्ति आणि पुरावा या दोन वस्तु निराळ्या आहेत. १९२४ सालीं या धाकट्या पामरनें मणक्यांच्या दोन्ही बाजूंचें उष्णतामान मोजणारें एक यंत्र काढलें, तें प्रत्येकानें भारी भाड्यानें घेतलेंच पाहिजे असा आग्रह धरला, आणि त्यावरून त्याच्याच अनुयायांत फूट पडली. केवळ हाताची विद्या म्हणून निघालेला संप्रदाय यंत्राच्या भाड्यावरून दुभंगला.

इकडे मान्यताप्राप्त वैद्यकाचें पाठदुखीकडे लक्ष गेलें तें उशिरा. बोस्टन येथील मिक्स्टर आणि बार या दोन डॉक्टरांनीं १९३४ सालीं दाखवून दिलें कीं, दोन मणक्यांमधील गादी फुटून मज्जातंतूच्या मुळावर दाब आला म्हणजे मांडीपासून पायापर्यंत कळ जाते, आणि शस्त्रक्रियेनें ती घालवितां येते. हा शोध मोलाचा होता. परंतु त्याच्या यशानें डॉक्टरांच्या मनांत अशी समजूत दृढ झाली कीं, प्रत्येक दुखऱ्या पाठीमागें एक फुटलेली गादी आहे आणि ती सांपडलीच पाहिजे. वस्तुतः बहुसंख्य पाठदुखींत एखाद्या विशिष्ट भागाकडे बोट दाखवितां येत नाहीं. पामरनें प्रत्येक रोगांत सरकलेला मणका पाहिला, डॉक्टरांनीं प्रत्येक पाठींत सरकलेली गादी पाहिली; सरकलेल्या वस्तूचा मोह दोघांनाही सुटला नाहीं. गादी न सांपडलेल्या रुग्णास अनेक वर्षें अंथरुणावर पडून राहण्याचा सल्ला मिळत असे. १९८६ सालीं अमेरिकेंत झालेल्या एका तुलनात्मक प्रयोगानें दाखविलें कीं, दोन दिवस पडून राहणें हें सात दिवस पडून राहण्याइतकेंच गुणकारी असून कामाचे दिवस मात्र कमी बुडतात. आखडलेला सांधा हालवावयास हवा, हें जें हूड यांनीं हाडवैद्याच्या खोलींत पाहिलें होतें, तें रुग्णालयांत पोंचण्यास शंभरांहून अधिक वर्षें लागलीं.

मधल्या काळांत भांडण विकोपास गेलें होतें. अमेरिकन मेडिकल असोसिएशन या डॉक्टरांच्या बलाढ्य संस्थेनें १९६३ सालीं भोंदूगिरीविषयक एक समिति नेमली. कायरोप्रॅक्टिक आवरणें आणि शक्य झाल्यास नाहींसें करणें हा तिचा मुख्य हेतु होता. कायरोप्रॅक्टिक करणाराशीं व्यावसायिक संबंध ठेवणें डॉक्टरानें नीतिबाह्य मानावें, असा दंडक होता. यांत भरडला गेला तो रुग्ण. ज्याची पाठ हातांनीं हलकी होत असे त्यानें आपल्या डॉक्टरापासून ती गोष्ट चोरून ठेवावी. आणि ज्याच्या पाठदुखीमागें गांठ किंवा क्षय दडलेला असेल त्याला हस्तोपचार करणारानें डॉक्टरकडे पाठवावें तर डॉक्टरानें त्याच्याशीं बोलूं नये, असा हा प्रकार होता. चेस्टर विल्क आणि त्याच्या सहकाऱ्यांनीं १९७६ सालीं या संस्थेवर मक्तेदारीविरोधी कायद्याखालीं दावा लावला. पहिल्या सुनावणींत ते हरले; अपिलांत फेरसुनावणीचा हुकूम मिळाला; आणि २७ ऑगस्ट १९८७ रोजीं न्यायाधीश सुझन गेट्झेंडॅनर यांनीं निकाल दिला कीं, संस्थेनें बेकायदेशीर बहिष्कार घातला होता. वरिष्ठ न्यायालयानें १९९० सालीं तो कायम केला. पण या निकालाचा अर्थ पुष्कळांनीं चुकीचा लावला. न्यायासनानें बहिष्कार गैर ठरविला. कायरोप्रॅक्टिकचा सिद्धांत खरा ठरविला नाहीं. तें काम न्यायाधीशाचें नव्हे, प्रयोगाचें आहे.

प्रयोगही याच सुमारास सुरू झाले. इंग्लंडांत डॉ. मीड व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ७४१ कंबरदुखीच्या रुग्णांचे दोन गट पाडून, एकास कायरोप्रॅक्टिककडे व दुसऱ्यास रुग्णालयाच्या बाह्य विभागाकडे पाठविलें. १९९० सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत पहिला गट थोडा सरस ठरला. टीकाकारांनीं विचारलें कीं, हा गुण मणक्यावरील धक्क्याचा, कीं निवांत खोलीचा आणि जास्त वेळ दिल्याचा? प्रश्न रास्त होता. २०१९ सालीं नेदरलंडांतील संशोधकांच्या पुढाकारानें ४७ प्रयोग व ९ हजारांहून अधिक रुग्ण यांचा एकत्र विचार झाला. निष्पन्न असें झालें कीं, जुनाट कंबरदुखींत मणक्यांचा हस्तोपचार हा व्यायामासारख्या अन्य शिफारस केलेल्या उपायांच्या जवळपास तोलाचा आहे. त्याहून चमत्कारिक नाहीं आणि निरुपयोगीही नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें डिसेंबर २०२३ मध्यें जुनाट कंबरदुखीविषयीं जी मार्गदर्शिका काढली तींत रुग्णास नीट समजावून सांगणें, व्यायाम, मानसिक उपचार आणि मालिश यांच्या पंक्तीस मणक्यांच्या हस्तोपचारासही जागा दिली. उलट कंबरपट्टे, वजन लावून ताण देणें आणि अफूजन्य वेदनाशामकें यांचा सरसकट वापर करूं नये असें सांगितलें. २०२० सालीं जगांत सुमारें ६१ कोटी ९० लाख माणसांस कंबरदुखी होती, हें ध्यानीं घेतलें म्हणजे या माफक निष्कर्षाचेंही महत्त्व कळेल.

मग पामरच्या शेंकडा ९५ रोगांचें काय झालें? दमा, लहान मुलांचीं पोटदुखी, कान फुटणें यांवर मणके दाबून गुण येतो, याला भरंवशाचा पुरावा मिळाला नाहीं. दाबतांना जो कडकड आवाज येतो तो हाड जागेवर बसल्याचा नव्हे. सांध्यांतील द्रवांत एकाएकीं वायूची पोकळी उत्पन्न होते तिचा तो आवाज. बोटें मोडतांना येतो तोच. सिद्धांताचें एवढें मोठें घर कोसळलें, आणि उरली ती एक खोली: दुखऱ्या पाठीची. आज जगभर कायरोप्रॅक्टिककडे जाणारे बहुतेक लोक कंबर, पाठ किंवा मान यांसाठींच जातात. संस्थापकानें ही सीमा आंखली नव्हती. बहिरेपणा घेऊन आलेले परत गेले ते पुन्हां आले नाहींत. पाठ घेऊन आलेले पुन्हां आले आणि शेजाऱ्यास घेऊन आले. त्यांच्या येण्याजाण्यानें जी वाट पडली तीच अखेर विद्येची हद्द ठरली.

या इतिहासांतून पाठदुखीनें गांजलेल्या मनुष्यास घेण्यासारखें पुष्कळ आहे. पहिली गोष्ट, कोणाच्याही हातीं पाठ देण्यापूर्वीं डॉक्टरकडून तपासून घ्यावी. पडल्यामुळें किंवा अपघातानें दुखणें उद्भवलें असेल, ताप येत असेल, वजन घटत असेल, पूर्वीं कर्करोग झाला असेल, पायांतील शक्ति कमी होत असेल, जांघेभोंवतीं बधिरता आली असेल किंवा लघवी-शौचावरील ताबा सुटला असेल, तर तें दुखणें हस्तोपचाराचें नव्हे. तेथें एक दिवसाचाही विलंब घातक ठरूं शकतो. दुसरी गोष्ट, हाडें ठिसूळ झालेल्या वृद्धांनीं जोराचे धक्के घेऊं नयेत, आणि मानेला झटका देण्याच्या बाबतींत तर सर्वांनींच सावध असावें. मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याचीं उदाहरणें, विरळ असलीं तरी, वैद्यकीय वाङ्मयांत नमूद आहेत. तिसरी गोष्ट, उपचार करणाराचें शिक्षण कोठें व किती वर्षें झालें हें विचारण्यास संकोच वाटूं देऊं नये. जो चार-सहा भेटींत फरक पडला नाहीं तर उपाय बदला म्हणतो तो विश्वासास पात्र. जो जन्मभर दर आठवड्यास येण्याचा करार मांडतो, किंवा मणके दाबून मधुमेह घालविण्याचें वचन देतो, त्याच्यापासून दूर राहावें. हल्लीं मोबाइलच्या पडद्यावर मान मुरगळून मोठा आवाज काढून दाखविणाऱ्या चित्रफितींचा सुळसुळाट झाला आहे. त्यांत आणि हिपॉक्रेटिसच्या काळच्या शिडींत फरक एवढाच कीं, तेव्हां गर्दी अंगणांत जमत असे.

डॉक्टरांनाही या इतिहासांत एक धडा आहे, आणि तो पॅजेट यांनीं १८६७ सालींच देऊन ठेविला होता. रुग्ण वैद्यकाच्या दारांतून उठून दुसऱ्याच्या दारीं जातो तो केवळ अडाणीपणानें जात नाहीं. तेथें त्याची पाठ कोणी तरी हातानें चांचपतें, कोठें दुखतें हें विचारतें आणि तें खरें मानतें. कायरोप्रॅक्टिकचें तत्त्वज्ञान चुकीचें निघालें, परंतु त्याच्या हातानें रुग्णाच्या शब्दावर विश्वास ठेवला. शास्त्रापाशीं पुरावा होता, पण पुष्कळ दिवस हात नव्हता. संप्रदायापाशीं हात होता, पण पुरावा नव्हता. या दोहोंची गांठ आतां कोठें पडूं लागली आहे. ती पडण्यास इतकीं वर्षें लागलीं त्याची किंमत भांडणाऱ्या दोन्ही पक्षांनीं दिली नाहीं. ती अंथरुणावर कूस बदलणाऱ्या रुग्णानें दिली.